जिम प्रिडोची दुसरी नोकरी

(सूचना : या लेखात 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' या कादंबरीचा शेवट येतो. अजून वाचली नसेल आणि वाचायची असेल, तर लेख नंतर वाचा. तो कुठे जात नाही.)

हेरकथेकडून आपली अपेक्षा ठरलेली असते. पाठलाग, सीमा ओलांडणं, एखादा गद्दार आणि शेवटच्या पानावर त्याचं नाव. जॉन ल कारेच्या १९७४ सालच्या 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय'मध्ये हे सगळं आहे. ब्रिटिश हेरखात्याच्या अगदी वरच्या फळीत रशियाचा एक घरभेदी बसलाय आणि जॉर्ज स्मायलीने त्याला शोधायचंय. पण मी ती पहिल्यांदा उघडली तेव्हा पहिल्याच प्रकरणात गोंधळलो. हेर कुठेच नाही. आहे ती इंग्लंडच्या गावाकडची एक साधारण निवासी शाळा. भर पावसात जुन्या गाडीला कॅराव्हॅन जोडून एक मास्तर येतो. त्याच्या पाठीला कुबड आहे. सत्र अर्ध्यावर आलंय, फ्रेंच शिकवायला माणूस मिळत नाहीये, म्हणून एजन्सीने हा बदली मास्तर पाठवलाय. नाव जिम प्रिडो. शयनगृहाच्या खिडकीतून बिल रोच नावाचा एक जाडसर, दम्याचा मुलगा त्याला येताना बघतो.

तेव्हा वाटलं, ही प्रस्तावना असेल, खरी गोष्ट पुढे सुरू होईल. दुसऱ्या वाचनात मात्र वाटायला लागलं की खरी गोष्ट हीच आहे. घरभेद्याचा शोध हे निमित्त. कादंबरी विचारते तो प्रश्न वेगळा : हेरगिरीतून बाहेर पडलेला माणूस पुढे पोटासाठी काय करतो, आणि त्याच्या अंगात मुरलेल्या कसबाचं काय होतं?

जरा मोजून बघा. स्मायलीला स्वतःलाच नोकरीवरून काढलेलं आहे आणि जुन्या जर्मन पुस्तकांत मन रमवायचा त्याचा प्रयत्न चाललाय. मग तो ज्यांना एकेक करून भेटायला जातो ती माणसं कोण? रशियाचा चालताबोलता कोश असलेली कॉनी सॅक्स. तिचा संशय वरिष्ठांना नको होता, म्हणून तिला घरी बसवलं. आता ती ऑक्सफर्डमध्ये शिकवण्या घेते आणि दारू पिते. सॅम कॉलिन्स जुगाराचा क्लब चालवतो. जिम फ्रेंच शिकवतो. म्हणजे कादंबरीचा मोठा भाग हा बाहेर फेकल्या गेलेल्या माणसांच्या मुलाखतींचा आहे. प्रत्येकाला दुसरं काम मिळालंय, काहींना ते जमतंही. पण स्मायली दारात उभा राहिला की दोन मिनिटांत सगळे मागच्या आयुष्यात परततात.

ल कारेला हे ऐकीव माहितीवर लिहावं लागलं नाही. त्याचं खरं नाव डेव्हिड कॉर्नवेल, जन्म १९३१चा. सक्तीच्या लष्करी सेवेत तो ब्रिटिश सैन्याच्या इंटेलिजन्स कोअरमध्ये होता. ऑस्ट्रियात बसून, कम्युनिस्ट देशांतून पळून आलेल्या माणसांची जर्मनमध्ये चौकशी करायची, हे काम. सैन्य सुटलं, ऑक्सफर्डला गेला, पण तिथेही डाव्या विद्यार्थ्यांत ऊठबस ठेवून त्यांच्या बातम्या एमआयफाइव्हला पुरवत राहिला. पुढे १९५६ ते ५८ ईटन शाळेत फ्रेंच आणि जर्मन शिकवलं. तिथून पुन्हा हेरगिरीत : आधी एमआयफाइव्ह, मग एमआयसिक्स. १९६३ साली 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' गाजली आणि १९६४मध्ये त्याने नोकरी सोडली. खात्याची परवानगी घेऊनच ती कादंबरी छापली होती. खात्यातल्या माणसाला स्वतःच्या नावाने लिहायची मुभा नव्हती, म्हणून टोपणनाव. आपण हेर होतो हे त्यानंतरही तो कितीतरी वर्षं जाहीरपणे नाकारत राहिला.

म्हणजे हेर आणि फ्रेंचचा मास्तर, या दोन्ही नोकऱ्या लेखकाने स्वतः केलेल्या आहेत. त्यामुळेच जिम वर्गात उभा राहतो तेव्हा त्यात खोटेपणा जाणवत नाही.

आजकाल करिअर बदलण्याबद्दल जे लिहिलं जातं त्याचा सूर ठरलेला असतो : कौशल्यं वाया जात नाहीत, एका क्षेत्रातली दुसऱ्यात वापरता येतात. सैन्यातून बाहेर पडणाऱ्यांना तर हे हमखास सांगतात. निरीक्षण, शिस्त, माणसं ओळखणं, तुकड्यातुकड्यांतून चित्र जुळवणं, हे कुठल्याही ऑफिसात उपयोगी आहेच. ल कारे याला नाही म्हणत नाही. जिम मास्तर म्हणून झकास आहे. तो पोरांना जुन्या इंग्रजी साहसकथा वाचून दाखवतो, पोरांचा जीव जडतो त्याच्यावर. आणि कुणाच्याच लक्षात न येणारा बिल रोच त्याला पहिल्या भेटीत कळतो. आईबाप वेगळे झालेले, त्याचा दोष स्वतःवर घेणारा, सतत काळजीने इकडेतिकडे बघत बसणारा मुलगा. जिम त्याला सांगतो की तुझं लक्ष चांगलं असतं, तू छान टेहळणी करतोस. त्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी कामाचं म्हटलेलं असतं.

इथे वाचक सुखावतो. एकट्या मुलाला हेरणारा मास्तर कुणाला आवडणार नाही? पण थोडं पुढे जिम त्याच मुलाला सांगतो की गावात कुणी अनोळखी दिसलं, कुणी माझी चौकशी केली, तर मला कळव. आणि मग मागचं प्रेमळ वाक्य वेगळं ऐकू यायला लागतं. माणसाचं एकटेपण ओळखायचं, त्याला महत्त्व द्यायचं, आपल्या दोघांतच राहील असं काम सोपवायचं : खबऱ्या असाच तर तयार करतात. जिम शिक्षक म्हणून माया करतोय की हेर म्हणून भरती? मला वाटतं, त्यालाही सांगता आलं नसतं. दोन्हींसाठी त्याच्याकडे एकच पद्धत आहे. कौशल्य नव्या नोकरीत आलं खरं, पण येताना जुन्या नोकरीचा हेतूही घेऊन आलं.

२०११च्या सिनेमात दिग्दर्शक टोमास आल्फ्रेडसनने इथे एक बदल केलाय, आणि तो बघण्यासारखा आहे. मार्क स्ट्राँगचा जिम शेवटाकडे त्या मुलावर ओरडून त्याला झिडकारतो, जा, बाकीच्या पोरांत मिसळ म्हणतो. त्या जिमला कळलंय की आपण मुलाला काय बनवतोय, आणि तो त्याला वाचवतो. प्रसंग चटका लावणारा आहे. पण कादंबरी जास्त कठोर आहे. तिथे जिम मुलाला सोडत नाही. घरभेदी असतो बिल हेडन, जिमचा सगळ्यात जवळचा मित्र, ज्याच्यामुळे चेकोस्लोव्हाकियात त्याच्या पाठीत गोळी बसली. हेडनची मान मोडलेली सापडते. ती कुणी मोडली हे पुस्तक स्पष्ट सांगत नाही, सांगावं लागतही नाही. जिम शाळेत परततो, खचलेला. रोच त्याची काळजी घेतो, त्याला पुन्हा माणसांत आणतो.

माझी एक तक्रारही आहे. ल कारेची बाहेर पडलेली माणसं बहुतेक एकाच मुशीतली : चांगल्या शाळा, ऑक्सफर्ड, ओळखीपाळखी. त्यांचं दुःख देखणं असतं. त्याच्याच १९९५च्या 'अवर गेम'मधला निवृत्त हेर टिम क्रॅनमर तर वारशाने मिळालेल्या मळ्यात द्राक्षं लावून वाइन बनवतो. खात्यातले भाषांतरकार, वायरलेसवाले, ड्रायव्हर नोकरी सुटल्यावर कुठे गेले, हे या कादंबऱ्यांत फारसं कळत नाही. आपल्याकडे रिटायर फौजी म्हटल्यावर बँकेच्या दारातला बंदूकधारी गार्ड आठवतो. त्याच्या दुसऱ्या नोकरीत वाइनचा मळा नसतो.

तरी एक पात्र अपवाद आहे आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली त्याच्याकडे आहे. मेंडल. स्पेशल ब्रँचमधून निवृत्त झालेला पोलीस इन्स्पेक्टर. तो मधमाश्या पाळतो. स्मायलीने हाक मारली की येतो, काम करतो, परत जातो. पाळत, चौकशी, संशय हे सगळं त्यानेही आयुष्यभर केलं. मग तो का नाही मोडला? माझं उत्तर साधं आहे : मेंडलला शेजाऱ्याला सांगता येतं की मी पोलिसात होतो. तपशील नाही सांगणार, पण आयुष्याची पंचवीस-तीस वर्षं कुठे गेली याला त्याच्याकडे एक खरं उत्तर आहे. जिमकडे ते नाही. त्याला तर खात्याने बजावलंय की सगळं विसरून जा. ज्याला भूतकाळ सांगता येत नाही त्याला नवं काहीही मोकळेपणाने सुरू करता येत नाही, कारण पहिल्याच ओळखीत, पहिल्याच मुलाखतीत त्याला खोटं बोलावं लागतं.

हा प्रश्न फक्त इंग्रजी कादंबरीतला नाही. २००७मध्ये आपल्याकडे एका निवृत्त मेजर जनरलने रॉमधल्या आपल्या कारकिर्दीवर पुस्तक लिहिलं, तर सीबीआयने ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टखाली गुन्हा नोंदवला. मे २०२१मध्ये केंद्र सरकारने मुलकी सेवांचे पेन्शनचे नियम बदलले. गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्यांना संस्थेच्या कार्यक्षेत्राबद्दल परवानगीशिवाय काही प्रसिद्ध करता येत नाही. त्यात तिथे काम करून मिळालेलं ज्ञान आणि नैपुण्यही येतं. मोडलं तर पेन्शनवर गदा. गुप्ततेला कारणं असतात हे मान्यच. एका बेसावध वाक्याने कुणा खबऱ्याचा जीव जाऊ शकतो. पण जे ज्ञान म्हणजेच त्या माणसाचं सगळं आयुष्य, त्याबद्दल लिहायलाही परवानगी लागते तेव्हा त्याने काय करायचं? शिवरायांचे हेर म्हणून बहिर्जी नाईकांचं नाव आपण शाळेपासून ऐकतो. कामगिरी संपल्यावर असा माणूस घरी कसा राहत असेल, असं आपण कधी विचारत नाही. कामगिरी आपली, पुढचं त्याचं तो बघेल.

ल कारेने स्वतः वाट काढली ती कादंबरीची. जे सांगता येत नव्हतं ते 'काल्पनिक' म्हणून सांगितलं. त्याचा २०२०मध्ये मृत्यू झाला तोवर तो तेच करत होता, म्हणजे तोही पूर्ण बाहेर पडलाच नाही.

कादंबरीची शेवटची ओळ जिमची नाही, रोचची आहे. मधे कधीतरी रात्री त्याने जिमला जमिनीत पुरलेलं पिस्तूल उकरून काढताना बघितलेलं असतं. शेवटी तो स्वतःची समजूत घालतो की ते स्वप्नच होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हायसं वाटलं, पोरगं सुटलं म्हणून. आता तसं वाटत नाही. डोळ्यांनी बघितलेलं कुणालाही न सांगणं, आणि मग स्वतःलाही न सांगणं, हे त्याला जमायला लागलंय. जिम त्याला शाळेत फ्रेंच शिकवायला आला होता.