लेखनक्रिया आणि स्फूर्ती

स्फूर्तीवाचून लेखणी उचलू नये, असे मानणाऱ्यांस आम्ही ‘दासबोधा’च्या १९व्या दशकातील पहिला समास दाखवू इच्छितो. नाव ‘लेखनक्रियानिरूपण’. तेथे समर्थ प्रतिभेची महती गात नाहीत. वाटोळे, मोकळे अक्षर, सरळ ओळी, शाई, लेखण्या यांचीच तजवीज सांगतात. हा उपदेश मुख्यतः पोथ्या उतरणाऱ्यांस. स्वतंत्र लेखकास तो अपुरा वाटेल. सुबक अक्षराने विचार सुचत नाही, हेही खरेच. परंतु पुढचाच समास विवरणाचा आणि सातवा यत्नाचा आहे. हा क्रम आम्हांस बोलका वाटतो: आधी हाताला वळण, मग मननाला विषय. इंदूरच्या स्नेहलतागंजात काय, अन्यत्र काय, नित्याची देवपूजा मन लागण्याची वाट पाहत बसत नाही. पूजेला बसल्यावरच मन लागते. लेखकाने तरी रोजच्या चार ओळींसाठी स्फूर्तीची वाट का पाहावी?