शुद्धता, स्पष्टता आणि नटाची वाणी : पॅरिसच्या काँझर्व्हात्वारपासून तुळजापूरच्या गोंधळापर्यंत

मराठीतील नाट्यप्रशिक्षणाची चर्चा बहुधा अभिनयपद्धतींच्या चर्चेत विरून जाते. स्तानिस्लाव्हस्की की ब्रेख्त, देहबोली की संहिता, असे पर्याय मांडले जातात. पण शिकणाऱ्या नटाने कोणत्या भाषेत बोलावे, हा त्याहून मूलगामी प्रश्न गृहीत धरून सोडून दिला जातो. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या संदर्भात हा प्रश्न टाळता येत नाही. २०१७ मध्ये ९७वे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन याच शहरात भरले. परंतु संमेलनाचा मांडव तीन दिवसांनी उतरतो, आणि रंगमंचावर उभे राहू पाहणाऱ्या इथल्या मुलामुलींपुढे आपल्या बोलीचे काय करायचे, हा प्रश्न तसाच उरतो. त्याचा विचार करताना एका दूरच्या, फ्रेंच परंपरेची तुलना उद्बोधक ठरते.

१७९५ च्या संगीतसंस्थेतून वाढलेले आणि १९४६ मध्ये नाट्यकलेची स्वतंत्र संस्था झालेले पॅरिसचे काँझर्व्हात्वार हे दीर्घकाळ प्रामुख्याने वाणीचे विद्यालय होते. कोर्नेय, रासीन आणि मोलिएर यांच्या संहिता म्हणता येणे हा तेथील शिक्षणाचा गाभा. अलेक्सांद्रँ या बारा अवयवांच्या वृत्तात, व्यवहारात गिळले जाणारे अनेक स्वर मोजले आणि उच्चारले जातात. या वाणीचे एक वैशिष्ट्य येथे महत्त्वाचे आहे. ती कोणाच्याही घरची भाषा नाही. पॅरिसच्या सुखवस्तू घरातला मुलगादेखील जेवताना अलेक्सांद्रँमध्ये बोलत नाही. पिएर बोर्द्यू यांच्या भाषिक बाजारपेठेच्या मांडणीनुसार या वाणीजवळ काही वर्ग आधीपासूनच अधिक असतात, हे खरेच. पण तत्त्वतः तरी ती सर्वांनाच शिकावी लागते. ती घडवलेली आहे, हे कोणी लपवत नाही.

मराठी रंगभूमीची स्थिती याहून वेगळी आहे. गद्य नाटकाच्या प्रस्थापनेनंतर जी ‘रंगमंचीय मराठी’ प्रमाण मानली गेली, ती पुणे-मुंबईच्या एका विशिष्ट सामाजिक स्तराच्या घरगुती भाषेला फार जवळची आहे. ती घडवलेली आहे हे लपते आणि ती ‘स्वाभाविक’ ठरते. उरलेल्या बोली आपोआप अस्वाभाविक, ‘ग्रामीण’ किंवा विनोदी ठरतात. धाराशिवचा विद्यार्थी ‘काय करायलास’ असे सहज म्हणतो. त्याला ‘काय करतो आहेस’ असे म्हणायला शिकवले जाते तेव्हा केवळ क्रियापदाचे रूप बदलत नाही. वाक्याचा ठेका, श्वासाची जागा आणि समोरच्याशी असलेली सलगीही बदलते. ‘पानी’चे ‘पाणी’ करण्यात गैर काही नाही. पण या शिक्षणाला ‘शुद्धीकरण’ म्हटले की विद्यार्थ्याच्या आईची भाषा अशुद्ध ठरते.

या जिल्ह्याच्या इतिहासामुळे हा पेच अधिक तीव्र होतो. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. राज्यव्यवहाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा प्रमाण मराठी ही स्वभाषा म्हणून आली खरी, पण तिचे केंद्र पुन्हा बाहेरच होते. मराठवाडा विद्यापीठात कमलाकर सोनटक्के यांच्या काळात उभ्या राहिलेल्या नाट्यशास्त्र विभागाचे, आणि तेथे लोकनाट्याच्या अभ्यासाला स्थान मिळवून देणाऱ्या रुस्तुम अचलखांब यांच्या कार्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर जोखले पाहिजे. ‘लोककला’ हा अभ्यासक्रमातील केवळ एक विषय राहतो, की प्रशिक्षणाच्या कल्पनेलाच प्रश्न विचारतो, हा त्यातील कळीचा मुद्दा होय.

तुळजापूरची भवानी ही गोंधळ्यांची आराध्यदेवता. कदमराई आणि रेणुराई गोंधळ्यांच्या घरांत मुलगा संबळाचा ठेका, तुणतुण्याची साथ, दिवटी धरणे, चौक मांडणे या क्रमाने शिकत जातो. पूर्वरंगातील आवाहनानंतर उत्तररंगात नायक आख्यान लावतो. साथीदार मध्येच शंका काढून, थट्टा करून ते पुढे नेतो. या आख्यानाची भाषा नीट ऐकली तर ती नायकाची घरगुती बोली नाही, असे ध्यानात येते. गद्य आणि पद्य यांच्या सीमेवरची, लांब श्वासाची, सूत्रबद्ध अशी ती वाणी आहे. साथीदार मात्र रोजच्या बोलीत बोलतो. म्हणजे एकाच प्रयोगात घडवलेली वाणी आणि बोली परस्परांना छेद देत नांदतात. या अर्थाने गोंधळी हा काँझर्व्हात्वारच्या नटाला जितका जवळचा आहे, तितका ‘शुद्ध उच्चारा’च्या वर्गातला नट नाही. ‘देशी’ म्हणजे अघटित, सहजस्फूर्त, हे देशीवादी समीक्षेतून काही वेळा सूचित होणारे समीकरण येथे अपुरे पडते. परंपरेतही प्रशिक्षण असते, आणि ते कठोर असते.

तरीही गोंधळाचा आदर्श जसाच्या तसा स्वीकारता येणार नाही. त्याचे दार जन्मावर उघडते. काँझर्व्हात्वारचे दार परीक्षेवर उघडते, म्हणून ते अधिक न्याय्य, असे म्हणण्याचा मोह होतो. पण इतिहास सावध करतो. १८८७ मध्ये ‘तेआत्र लिब्र’ स्थापन करणाऱ्या आंद्रे आंत्वानला या संस्थेने प्रवेश नाकारला होता. लुई जुव्हे प्रवेशपरीक्षेत अनेकदा नापास झाला आणि १९३४ पासून तेथेच अध्यापक झाला. १९४० मध्ये त्याने मोलिएरच्या ‘दों जुआँ’मधील एल्व्हीरच्या एका प्रसंगावर घेतलेले पाठ लघुलिपीत टिपले गेले, त्यांवरून ब्रिजित जाक यांनी १९८६ मध्ये ‘एल्व्हीर जुव्हे ४०’ हे नाटक रचले. त्यातील विद्यार्थिनी क्लोदिया पाठामागून पाठ झगडते, पहिले पारितोषिक मिळवते, आणि ज्यू असल्यामुळे जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये तिला रंगमंच बंद होतो. वाणी कमावूनही जन्म आडवा येतो, ही गोष्ट जातिव्यवस्थेत वाढलेल्या मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही.

याच जिल्ह्यातील तेरच्या गोरोबाकाकांची आख्यायिका येथे आठवते. संतमेळ्यात थापटण्याने प्रत्येकाचे डोके तपासताना गोरोबांनी नामदेवांना कच्चे ठरवले. परीक्षेची ही कल्पना काँझर्व्हात्वारच्या परीक्षक-मंडळाहून दोन बाबतींत वेगळी आहे. तपासणारा स्वतः कारागीर आहे. आणि कच्च्या ठरलेल्याला मेळ्याबाहेर काढले जात नाही, त्याला विसोबा खेचरांकडे शिकायला जावे लागते. परीक्षा ही येथे शिक्षणाची सुरुवात आहे.

मराठवाड्यातील नाट्यव्यवहाराने या पेचाला दोन उत्तरे दिली आहेत. औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) ‘जिगीषा’तून पुढे आलेले प्रशांत दळवी आणि चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘चारचौघी’मध्ये (१९९१) शहरी मध्यमवर्गाची भाषा पूर्ण आत्मविश्वासाने हाताळली. राजकुमार तांगडे लिखित आणि नंदू माधव दिग्दर्शित ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ने (२०१२) जालना जिल्ह्यातील नटांना त्यांच्या बोलीसह मुंबई-पुण्याच्या रंगमंचावर उभे केले. यातील एक उत्तर अस्सल आणि दुसरे नक्कल, असा निवाडा उथळ ठरेल. पहिल्यात प्रमाणभाषा ही कमावलेली भूमिका आहे. दुसऱ्यात बोली ही कच्चा माल नसून रचलेली प्रयोगभाषा आहे. दोन्हीकडे भाषा जाणीवपूर्वक घडवली गेली आहे.

यावरून प्रशिक्षणासाठी एक निकष सुचवता येतो. ‘शुद्धता’ आणि ‘स्पष्टता’ यांची फारकत केली पाहिजे. स्पष्टता हा तंत्राचा भाग आहे : शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचणे, श्वास पुरणे, वाक्याचा रोख कळणे. ती कोणत्याही बोलीत साधता येते आणि साधलीच पाहिजे. शुद्धता ही सामाजिक प्रतिष्ठेची संज्ञा आहे. संहितेतील उतारा विद्यार्थ्याने प्रथम आपल्या बोलीत स्पष्टपणे म्हणावा, आणि मग प्रमाणभाषा एखाद्या पात्राचा पोशाख चढवावा तशी चढवावी. पुण्याच्या विद्यार्थ्यानेही धाराशिवची बोली तितक्याच कष्टाने शिकावी. १९२४ मध्ये जाक कोपो पॅरिस सोडून आपल्या शिष्यांसह बर्गंडीच्या खेड्यांत गेला, तेव्हा राजधानीचा नट खेड्यात शिकू शकतो, ही शक्यता त्याने खुली केली. मराठी नाट्यशिक्षणात हा प्रवास आजवर बहुतांशी एकाच दिशेने झाला आहे. तो उलट दिशेनेही होईल, तेव्हाच प्रमाणभाषा ही अनेक वाण्यांपैकी एक ठरेल आणि तिचे शिक्षण कोणालाही अपमानाची किंमत देऊन घ्यावे लागणार नाही.