कपाटावरची पाटी आणि पुस्तकातला करार

आंबेगाव तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात मध्यंतरी जाणे झाले. चार-पाच लोखंडी कपाटे, वर्तमानपत्रांसाठी एक लांब बाक आणि कपाटांवर हाताने लिहिलेल्या पाट्या : ‘कादंबरी’, ‘कथा’, ‘रहस्य’, ‘इतिहास’, ‘धार्मिक’. मी हमीद दलवाईंची ‘इंधन’ मागितली. ग्रंथपालबाईंनी क्षणभर विचार केला आणि ती ‘धार्मिक’च्या कपाटातून काढून दिली. नमाजाची पद्धत सांगणारे एक पुस्तक आणि इस्लामची ओळख करून देणारे दुसरे, या दोहोंच्या मध्ये ती उभी होती. शेजारच्या ‘इतिहास’च्या कपाटात डोकावलो तर ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘छावा’ आणि ‘पानिपत’ ओळीने लावलेल्या.

या दोन चुका वरवर वेगळ्या दिसतात. वस्तुतः ती एकच चूक आहे. दोन्ही ठिकाणी कादंबरीला ‘कादंबरी’ म्हणून ओळखलेले नाही. एकीकडे लेखकाचे नाव पाहून पाटी ठरली, दुसरीकडे विषय पाहून. बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या समीक्षेने आणि सभासंमेलनांतल्या भाषणांनीही अनेक वर्षे हेच केले आहे. म्हणून कथात्मक साहित्याचे प्रकार आणि उपप्रकार ओळखायचे कसे, हा पाठ्यपुस्तकी वाटणारा प्रश्न मुस्लिम मराठी वाचकासाठी केवळ परीक्षेचा राहत नाही.

साहित्यप्रकार म्हणजे लेखक आणि वाचक यांच्यातला एक अलिखित करार होय. मी तुला काय सांगणार आहे, त्यावर तू कितपत आणि कोणत्या अर्थाने विश्वास ठेवायचा, शेवटी मी तुझे कोणते देणे फेडणार आहे, हे त्या करारात ठरते. करार कळला नाही तर चांगले पुस्तकही वाईट वाटते, आणि कधी कधी निरुपद्रवी पुस्तक घातक ठरते.

ही जाण आपल्याला परकी नाही. माझी नानी हातिमताईचे सात सवाल सांगायची. हातिम हा ताई कबिल्यातला, दानशूरपणासाठी गाजलेला खराखुरा अरब होता. तरीही त्याने देव-पऱ्यांच्या मुलखात जाऊन सवालांचे जबाब आणले, हे ऐकताना घरात कोणी पुरावा मागितला नाही. तो किस्सा होता. त्याच घरात कोणी हदीस सांगितली की वडीलधारे लगेच विचारत : कुणी सांगितली, कुणाकडून ऐकली? रिवायतीची साखळी तपासून तिला सहीह, हसन, जईफ असे दर्जे देण्याचे शास्त्र उलेमांनी शतकानुशतके जोपासले. किश्श्याला साखळी मागायची नाही आणि रिवायतीत कल्पनेला मोकळीक द्यायची नाही, एवढा प्रकारभेद निरक्षर नानीलाही ठाऊक होता. खऱ्या माणसाचे नाव आले म्हणून किस्सा इतिहास होत नाही, हेही तिला ठाऊक होते.

नारायणगावच्या तमाशाचा प्रेक्षकही असाच जाणता. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. त्यांच्यापैकी कोणाला साहित्यप्रकारांची व्याख्या विचारली तर ते हसतील. पण गण संपून गवळण सुरू झाली की कृष्णाची थट्टा करणाऱ्या मावशीवर कोणी रागावत नाही, आणि वगातला सोंगाड्या राजाची टोपी उडवतो तेव्हा कोणी त्याला राजद्रोही म्हणत नाही. कुठे भक्ती, कुठे थट्टा, कुठे गोष्ट, हे पाटीशिवाय कळते.

छापील पुस्तकापाशी आल्यावर ही जाण कुठे जाते? ती परत आणण्यासाठी या मुलखातल्या वाचकाला परिचित असा एक प्रसंग घेऊ. रात्री उसाच्या फडात बिबट्या शिरतो. सकाळी बांधावर एका माणसाची चप्पल सापडते. माणूस सापडत नाही. एवढेच कथाबीज.

रहस्यकथेत ती चप्पल पुरावा होते. बिबट्याच्या नावावर कोणी खून खपवतो आहे काय, असा प्रश्न उठतो आणि शेवटी त्याची उकल करून देणे लेखकावर बंधनकारक असते. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड यांच्या कथांत तपासापेक्षा साहसाचा भाग मोठा आहे. म्हणजे ‘रहस्य’ या एका पाटीखालीही तपासकथा, हेरकथा, साहसकथा असे उपप्रकार पडतात. भयकथेत उकलीचे बंधन नाही. तिथे ठसे बिबट्याचेच असतात, पण दोनच पायांचे. नारायण धारपांचा वाचक खुलाशासाठी थांबत नाही; दार नीट लागले आहे ना, हे पाहायला उठतो. रत्नाकर मतकरींच्या वळणाच्या गूढकथेत भीतीपेक्षा शंका मोठी असते : जे घडले ते बाहेर घडले, की सांगणाऱ्याच्या मनात? त्याच बीजाची द. मा. मिरासदारांच्या परंपरेतली विनोदी ग्रामीण कथा झाली तर गावात रडारड चालू असताना बेपत्ता इसम तमाशाच्या राहुटीत गाढ झोपलेला सापडेल.

विज्ञानकथा करायची तर निमित्तही जवळच आहे. जुन्नर तालुक्यात खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आकाशाकडे कान लावून असतात. बिबट्याच्या गळ्यातल्या पट्ट्याचा संदेश आणि आकाशातून आलेला संदेश यांची सांगड कोणी घातली, तर तिला विज्ञानकथा म्हणता येईल काय? कसोटी सोपी आहे. विज्ञान काढून घेतल्यावरही गोष्ट तशीच उभी राहत असेल तर ती विज्ञानकथा नव्हे, वैज्ञानिक वेष घातलेली अद्भुतकथा आहे. जयंत नारळीकरांच्या ‘कृष्णविवर’ला १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत बक्षीस मिळाले, त्या कथेतून कृष्णविवर वगळले तर गोष्टच उरत नाही.

शेवटी वास्तववादी कथा. ती विचारते, बिबट्या उसात का आला? धरणे झाली, कालवे आले, ऊस वाढला आणि उसाने बिबट्याला आडोसा दिला. डिंभे धरणात जुने आंबेगाव बुडाले. ज्याची चप्पल सापडली तो या पाण्यावर पिकलेल्या उसाचा मालक होता, की तो तोडायला आलेला मजूर? त्याच्या मरणाची नोंद कुठे होते? 

बिबट्या तोच, ऊस तोच, चप्पल तीच. बदलतो तो वाचकाच्या मनात उठणारा प्रश्न. पुस्तक मला कोणता प्रश्न विचारायला लावते आणि त्याचे कसले उत्तर ते मला देणे लागते, हे पाहिले की प्रकार ओळखू येतो. मुखपृष्ठ, विषय, लेखकाचे आडनाव यांवरून तो ओळखू येत नाही. प्रकारांची सरमिसळ होते आणि व्हावीही. पण दोन करार एकत्र आले आहेत हे तरी वाचकाला कळले पाहिजे.

आता ‘इतिहास’च्या कपाटाकडे वळू. जुन्नरकराला इतिहास शोधायला लांब जावे लागत नाही. १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाही उभी केली ती जुन्नरातून. हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेल्या मलिक अंबरने काही काळ येथूनच राज्य चालवले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, आणि १६३० मध्ये शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. जुन्नरी कागद पेशव्यांच्या दफ्तरापर्यंत गेला. तो बनवणारे कागदी मुसलमान होते. कागद एकच, पण त्यावर हिशेब लिहिला, पत्र लिहिले की बखर लिहिली, यावर त्यातल्या मजकुराचे मोल ठरते.

बखरीला हिशेबाचा कागद समजले की काय होते, याचे उदाहरण मुसलमानांबाबतचे नाही, छत्रपती संभाजी महाराजांबाबतचे आहे. ज्या बाळाजी आवजी चिटणीसांना संभाजी महाराजांनी देहदंड दिला, त्यांच्याच वंशातल्या मल्हार रामराव चिटणीसांनी शंभराहून अधिक वर्षांनी बखर लिहिली. तिच्यातल्या चित्रावर विसंबून नाटककारांनी व्यसनी, बेताल राजपुत्र रंगवला आणि पिढ्यान्‌पिढ्या तोच खरा मानला गेला. वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल कागद तपासून १९६० मध्ये चरित्र प्रसिद्ध केले तेव्हा तो डाग पुसायला सुरुवात झाली. पुढे शिवाजी सावंतांनी ‘छावा’ लिहिली. तिच्यावर आधारलेला चित्रपट २०२५ मध्ये आला, तेव्हा त्यातल्या गणोजी आणि कान्होजी शिर्के यांच्या चित्रणावर त्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. म्हणजे करार विसरण्याची किंमत सगळेच मोजतात.

मुसलमान वाचक ती जास्त मोजतो, हेही खरे. ऐतिहासिक कादंबरीला नायक लागतो आणि नायक मोठा व्हायला खलनायक लागतो. ही त्या प्रकाराची गरज आहे. ती गरज आहे हे विसरून वाचक खलनायकाचा चेहरा शेजारच्या मोहल्ल्यात शोधू लागतो. शाळेतल्या मुलाला त्याच्या नावावरून टोमणा बसतो, तो बखरीतून आलेला नसतो. कादंबरी किंवा चित्रपट इतिहास म्हणून पचवल्यातून आलेला असतो.

मात्र आपणही तेच करतो, हे कबूल केले पाहिजे. ‘पानिपत’मधला इब्राहिमखान गारदी आपल्या भाषणांत वारंवार येतो. त्याची निष्ठा आणि त्याचे मरण इतिहासाला मान्य आहे. पण आपण सांगतो ते संवाद विश्वास पाटलांनी लिहिलेले असतात. आपल्याविरुद्ध जाणारी कादंबरी ‘काल्पनिक’ आणि आपल्या बाजूची ‘पुरावा’, असे दोन हिशेब चालणार नाहीत. गारदीसाठी कागद दाखवावा, आणि कादंबरीतला गारदी कादंबरीतच भोगावा.

उरतो प्रश्न आपल्याच पाटीचा. ‘मुस्लिम मराठी साहित्य’ हा साहित्यप्रकार आहे काय? १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते आपला अनुभव मराठीत अनुपस्थित आहे, हे सांगण्यासाठी. ती चळवळ होती आणि तिची गरज आजही आहे. पण चळवळीचे नाव हे आकृतिबंधाचे नाव नव्हे. या नावाखाली गझल येते, आत्मकथन येते, कादंबरी येते. उद्या कोणा मुस्लिम लेखिकेने रहस्यकथा लिहिली तर तीही येईल, आणि तिने चपलेचे रहस्य उलगडले की नाही हेच प्रथम पाहावे लागेल. ‘ग्रामीण’, ‘दलित’, ‘आदिवासी’ या नावांबाबतही हेच म्हणता येईल.

हा भेद न केल्याने ‘इंधन’चे काय झाले? १९६५ ची ही कादंबरी. दलवाईंच्या पुढच्या सामाजिक विचारांशी आपण सहमत असू वा नसू, या पुस्तकात बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परतलेला एक ‘मी’ बोलतो. ती साक्ष म्हणून वाचली की एकच प्रश्न उरतो : मुसलमान असे असतात का? मग बाहेरचा वाचक ‘हो’ म्हणतो, आतला ‘नाही’ म्हणतो, आणि दोघेही पुस्तक मिटतात. कादंबरी म्हणून वाचली की वेगळे प्रश्न सुचतात. हा ‘मी’ कोण? त्याला काय दिसते, काय दिसत नाही? आजूबाजूची आग तो नुसती पाहतो आहे, की त्याचाही तिच्यात काही वाटा आहे? हे प्रश्न आपल्याला समाजाचा प्रतिनिधी न मानता वाचक मानतात.

पुस्तक परत करायला गेलो तेव्हा यातले थोडेफार मी ग्रंथपालबाईंना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि ‘इंधन’ उचलून ‘कादंबरी’च्या कपाटात ठेवली. मग ‘इतिहास’च्या कपाटाकडे बोट करून म्हणाल्या, “मग सर, ही सगळीही तिकडेच न्यायची?”

मी म्हणालो, “हो. तीही कादंबऱ्याच आहेत.”

त्या थोडा वेळ त्या ओळीकडे पाहत राहिल्या. “लोक भांडायला येतील हो,” त्या म्हणाल्या. “पण ‘धार्मिक’मधून काढली तेव्हा कुणी नाही येणार.”