औद्योगिक ड्राइव्ह पॅनेलचे शीतन : प्रचलित निवडपद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना

मोटारीचा वेग गरजेनुसार बदलणारे इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह आज साखर कारखाना, सूतगिरणी, ओतशाळा, पाणीपुरवठा केंद्र अशा बहुतेक ठिकाणी रूढ झाले आहेत. हे ड्राइव्ह ज्या पोलादी पेटीत बसवतात तिला व्यवहारात पॅनेल म्हणतात. ड्राइव्हची निवड बारकाईने होते. परंतु पॅनेल थंड कसे ठेवावे, हा प्रश्न बहुधा खरेदीच्या शेवटच्या टप्प्यावर आणि कॅटलॉगमधील तक्त्याच्या आधारे सोडवला जातो. त्याची परिणती अनेक कारखान्यांत पाहावयास मिळते : पॅनेलचे दार सताड उघडे आणि समोर लावलेला पेडेस्टल फॅन. सदर लेखात या निवडपद्धतीमागील गृहीतकांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रचलित पद्धतीचे स्वरूप

कॅटलॉगमधील निवडसूत्र थोडक्यात असे सांगता येईल. बाहेरील तापमान आतील अपेक्षित तापमानापेक्षा कमी असेल तर फॅन-फिल्टर. हवा धुळकट असेल तर हवा-हवा उष्णता विनिमयक. बाहेरील तापमान आतल्याइतके किंवा अधिक असेल तर पॅनेल एसी. आणि थंड पाणी उपलब्ध असेल तर हवा-पाणी विनिमयक. तर्कदृष्ट्या हे वर्गीकरण निर्दोष आहे. दोष आहे तो त्यात भरल्या जाणाऱ्या आकड्यांत आणि न विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत.

गणित काय सांगते

उदाहरणादाखल ७५ किलोवॅटचा एक ड्राइव्ह घेऊ. त्याची कार्यक्षमता साधारणतः ९७ ते ९८ टक्के असते. म्हणजे पूर्ण भारावर, चोक आदी जोडभागांसह, सुमारे २००० वॅट उष्णता पॅनेलमध्ये सुटते. भिंतीलगत उभे असलेले ८०० मिमी रुंद, ६०० मिमी खोल व २००० मिमी उंच पॅनेल घेतल्यास त्याचे परिणामकारक क्षेत्रफळ सुमारे ५ चौरस मीटर भरते. रंगवलेल्या पोलादी पत्र्यातून दर चौरस मीटरला, दर अंश तापमानफरकास सुमारे ५.५ वॅट उष्णता बाहेर पडते. आत ४५ व बाहेर ३५ अंश सेल्सिअस असल्यास पत्रा स्वतःहून जेमतेम २८० वॅट बाहेर टाकतो. उरलेल्या १७२० वॅटसाठी, उष्णतेच्या वॅटला ३.१ ने गुणून तापमानफरकाने भागण्याच्या परिचित सूत्रानुसार, ताशी सुमारे ५३० घनमीटर हवा लागते.

आता बाहेरील तापमान केवळ ५ अंशांनी वाढवून ४० धरले, तर पत्र्याचा वाटा निम्मा होतो, तापमानफरकही निम्मा होतो आणि हवेची गरज ताशी ११५० घनमीटरपर्यंत जाते. पाच अंशांच्या चुकीची किंमत दुप्पट फॅन! कॅटलॉगात ठळक छापलेला प्रवाह बहुधा फिल्टरविना मोजलेला असतो. फिल्टर बसवल्यावर तो घटतो आणि फिल्टर धुळीने भरल्यावर आणखी घटतो. म्हणून सभोवतालचे तापमान ही औपचारिक नोंद नसून निवडीचा कणा आहे, हे ध्यानी घ्यावे लागते.

हवामान आणि हंगाम यांचा प्रश्न

एसीच्या क्षमतेचा मुख्य आकडा सामान्यतः आत ३५ व बाहेर ३५ अंश या स्थितीसाठी दिलेला असतो. चंद्रपूरमध्ये उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तेथे उष्णता पत्र्यातून बाहेर जाण्याऐवजी आत येते : आत ३५ व बाहेर ४६ अंश असता वरील पॅनेलमध्ये सुमारे ३०० वॅटची भर पडते, आणि नेमक्या त्याच वेळी एसीची क्षमता घटलेली असते.

कोकणात प्रश्न वेगळा आहे. पावसाळ्यात ३० अंश तापमान व ८५ टक्के आर्द्रता असता दवबिंदू सुमारे २७ अंश असतो. ‘जितके थंड तितके चांगले’ या समजुतीने एसी २२ अंशांवर ठेवल्यास, दाराच्या फटींतून आलेल्या हवेतील बाष्प थंड भागांवर साचते. थर्मोस्टॅट ३५ अंशांच्या आसपास ठेवणे येथे काटकसर नसून संरक्षण आहे.

साखर कारखान्याचे उदाहरण तर कॅटलॉगच्या चौकटीत मावतच नाही. गाळप हंगाम मुख्यतः हिवाळ्यात असतो. त्यामुळे मे महिन्यातील कमाल तापमान धरून एसी घेणे अनाठायी ठरते. तेथील खरा शत्रू बगॅसची तंतुमय धूळ आहे, जी फिल्टर अल्पावधीत बुजवते. शिवाय पावसाळ्यात पॅनेल बंद असते आणि तेव्हा शीतनाची नव्हे, तर आतील हवा कोरडी ठेवणाऱ्या लहान हीटरची गरज असते. ‘किती वॅट?’ या प्रश्नाइतकाच ‘कोणत्या महिन्यांत?’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

उष्णता आत का सोडावी?

प्रचलित पद्धतीवरील सर्वांत मूलगामी आक्षेप असा की, ती सर्व उष्णता पॅनेलच्या आत सुटणार हे गृहीत धरते. ड्राइव्हमधील बहुतांश उष्णता हीटसिंकमधून बाहेर पडते. हीटसिंक पॅनेलच्या पाठीमागे, पत्र्याबाहेर काढण्याची सोय अनेक ड्राइव्हमध्ये असते. वरील उदाहरणात तीन चतुर्थांश उष्णता अशी बाहेर काढली, तर आत ५०० वॅट उरतात. बाहेर ३५ अंश असता त्यासाठी ताशी सुमारे ७० घनमीटर हवा पुरते. विनिमयकही लहान लागतो आणि आतील हवा बाहेरच्या धुळीपासून अलग ठेवता येते. अर्थात, हीटसिंकला मिळणारी हवा ड्राइव्हच्या मर्यादेत हवी आणि त्याचे पंख स्वच्छ ठेवावे लागतात. परंतु हा पर्याय पॅनेलचे रेखाटन करतानाच विचारात घ्यावा लागतो; खरेदीच्या शेवटी तो हातातून गेलेला असतो.

याउलट, सर्व ड्राइव्ह सदैव पूर्ण भारावर चालतात असे धरून एसी अवाजवी मोठा घेण्याचीही प्रवृत्ती आढळते. असा एसी वारंवार चालू-बंद होतो. दोन किलोवॅट उष्णता हटवणारा एसी ढोबळमानाने एक किलोवॅट वीज घेतो. वेगनियंत्रणाने वाचवलेल्या विजेतून ही वजा होते, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

उघड्या दाराचा अर्थ

उघडे दार हा केवळ बेशिस्तीचा प्रकार मानणे अन्यायाचे होईल. धूळ व पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण देणारे आयपी ५४ पॅनेल दार उघडताच त्या दर्जाचे राहत नाही. जिवंत भाग उघडे पडतात, ओतशाळेतील धातुमिश्रित धूळ सर्किटवर बसते. हे कामगारालाही ठाऊक असते. तरीही यंत्र वारंवार ट्रिप होत असेल, तर पाळी पूर्ण करण्यासाठी त्याच्यापुढे दुसरा मार्ग उरत नाही. निवडीतील चूक अशा रीतीने त्याच्या सुरक्षिततेवर ढकलली जाते. कपॅसिटरचे आयुष्य तापमानाच्या दर १० अंश वाढीस सुमारे निम्मे होते हे लक्षात घेता, यंत्रही ही किंमत सावकाश मोजत असते.

निष्कर्ष

शीतनपद्धतीची निवड ही उपकरणाची निवड नसून परिस्थितीचे वाचन आहे. प्रथम उष्णता आत कमी सोडावी. मग प्रत्यक्ष भार, पॅनेलजवळ मोजलेले तापमान, धुळीचा प्रकार व हंगाम नोंदवावा. आणि फिल्टर कोण, किती दिवसांनी बदलणार हे ठरल्यावरच कॅटलॉग उघडावा. विद्युत, यंत्र व औद्योगिक सुरक्षा या तीन शाखांच्या सीमेवर असल्याने हा विषय अध्यापनात कोणाच्याच वाट्याला पुरेसा येत नाही. विद्यार्थ्यांना एखाद्या जवळच्या कारखान्यातील एका पॅनेलचा उष्णतेचा ताळेबंद मांडण्याचा प्रकल्प दिल्यास ही उणीव अल्प खर्चात भरून काढता येईल. त्या ताळेबंदात उघड्या दारामागील कारणाचाही रकाना असावा.