ओआरएमची निवड: रामघाटावरच्या पोथ्यांची यादी करताना

वेब-प्रकल्प हाती घेतला की गटातला पहिला वाद बहुधा ओआरएमवरून होतो. ओआरएम म्हणजे ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग: प्रोग्राममधल्या ऑब्जेक्टची डेटाबेसमधल्या तक्त्यांशी सांगड घालणारी लायब्ररी. 'सगळे हीच वापरतात' किंवा 'हिच्यात एसक्यूएल लिहावे लागत नाही' एवढ्यावर निवड उरकली जाते. हे दोन्ही निकष का अपुरे आहेत, ते पायथॉनमधल्या जँगो ओआरएम आणि एसक्यूएलअल्केमी या दोन लायब्रऱ्या एकाच कामावर पारखून पाहू.

काम असे. वाराणसीच्या रामघाटावर सांगवेद विद्यालय आहे. जवळच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागात मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. समजा, रामघाटावरच्या अशाच एका घराण्यातल्या पोथ्यांची यादी तुम्हांला वेबवर आणायची आहे. तुम्ही चार महिन्यांनी निघून जाल. यादी पुढे घरातली माणसेच चालवतील.

आता माहितीचा आकार पाहा. एका पोथीत अनेक ग्रंथ असतात आणि एकच ग्रंथ अनेक पोथ्यांत सापडतो. शिवाय कोणता ग्रंथ कितव्या पानापासून कितव्या पानापर्यंत, हे ना पोथीच्या तक्त्यात बसते ना ग्रंथाच्या. त्यासाठी दोघांना जोडणारा तिसरा तक्ता लागतो. दोन्ही लायब्रऱ्यांना हे जमते, पण रीत वेगळी.

मार्टिन फाउलर यांनी 2002 साली आपल्या पुस्तकात या दोन रीतींना नावे दिली: ॲक्टिव्ह रेकॉर्ड आणि डेटा मॅपर. जँगो पहिल्या रीतीच्या जवळची. तिच्यात पोथीचा ऑब्जेक्ट स्वतःच स्वतःला साठवतो. शिकायला सोपी, पण तक्त्यांची रचना आणि प्रोग्रामची रचना एकमेकींना घट्ट बांधली जातात. एसक्यूएलअल्केमी दुसऱ्या रीतीची. तिच्यात साठवण्याचे काम 'सेशन' करते आणि ऑब्जेक्टला तक्त्याची फिकीर नसते. सुरुवातीला हे जड वाटते. गुंतागुंतीच्या किंवा आधीच अस्तित्वात असलेल्या डेटाबेसवर मात्र हेच मोकळेपण उपयोगी पडते. अनेक स्तंभांची मिळून होणारी प्राथमिक किल्ली जँगोत 2025 च्या 5.2 आवृत्तीपर्यंत थेट उपलब्ध नव्हती. एसक्यूएलअल्केमीत ती फार पूर्वीपासून आहे.

आता दोघींची खरी परीक्षा. एका पानावर 50 पोथ्या दाखवायच्या. प्रत्येकीसोबत लेखनिकाचे नाव आणि तीतले ग्रंथ. सरळ लूप लिहिलात तर पोथ्यांसाठी 1 क्वेरी, लेखनिकांसाठी 50 आणि ग्रंथांसाठी 50, अशा 101 क्वेऱ्या सुटतील. जँगोत 'सिलेक्ट रिलेटेड' आणि 'प्रीफेच रिलेटेड' वापरले की हेच काम 2 क्वेऱ्यांत होते. एसक्यूएलअल्केमीतही तशी साधने आहेत. वर तिच्यात 'रेजलोड' नावाची सोय आहे: न सांगता क्वेरी सुटू लागली की ती एरर देते. हा कडकपणा मला जँगोच्या मोकळ्या वागण्यापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो. तुमच्या लॅपटॉपवर दहा नोंदी असताना अशा जादा क्वेऱ्यांचा भार जाणवत नाही. पुढे यादी वाढली की पान मंदावते, आणि तेव्हा ते दुरुस्त करायला तुम्ही तिथे नसता.

दुसरी कसोटी आपल्या भाषेची. मराठी वर्णक्रमात 'ळ' हा 'ह' नंतर येतो. युनिकोडच्या क्रमात तो 'ल' च्या लगेच मागे बसतो. ओआरएमला 'नावानुसार लाव' म्हटले, तर ती ते काम डेटाबेसकडे सोपवते आणि डेटाबेस स्वतःच्या कोलेशनप्रमाणे यादी लावतो. म्हणजे योग्य कोलेशन तुम्हांलाच सांगावे लागते, लायब्ररी कोणतीही असो. 'ओआरएम घेतली की डेटाबेस समजून घ्यायची गरज नाही' हा समज इथे उघडा पडतो.

मग रामघाटासाठी निवड कोणती? माझे मत जँगोकडे झुकते, पण त्याचे कारण तिची ओआरएम नाही. जँगोसोबत नोंदी भरण्याचे तयार ॲडमिन पान आणि तक्त्यातले बदल नोंदवणारी मायग्रेशनची सोय मिळते. एसक्यूएलअल्केमीसाठी अलेंबिक हे साधन वेगळे जोडावे लागते आणि ॲडमिन पान दुसरीकडून आणावे लागते. प्रोग्रामिंग न येणाऱ्या घरच्या माणसाला नवी पोथी स्वतः नोंदवता यावी, हे या कामात सर्वांत महत्त्वाचे. याउलट एखाद्या ग्रंथालयाचा जुना डेटाबेस हाती आला, त्याचे तक्ते बदलण्याची मुभा नसली आणि गुंतागुंतीचे अहवाल काढायचे असले, तर मी एसक्यूएलअल्केमी घेईन.

म्हणून निवडीआधी तीन प्रश्न लिहून काढा: माहितीचा आकार कसा आहे, तिला विचारला जाणारा सर्वांत अवघड प्रश्न कोणता, आणि तुमच्यानंतर ती कोण सांभाळणार?

सराव: वरचे 50 पोथ्यांचे पान दोन्ही लायब्रऱ्यांत लिहा. जँगोत 'कनेक्शन क्वेरीज' तपासा, एसक्यूएलअल्केमीत 'एको' चालू करा आणि सुटलेल्या क्वेऱ्या मोजा. त्यातली प्रत्येक क्वेरी तुम्हांला वाचून समजावता आली पाहिजे. ते जमत नसेल, तर ओआरएम बदलण्याआधी एसक्यूएलचा पाठ पुन्हा घ्या.