‘डी रे मेटॅलिका’ : खाणकामाच्या समर्थनाची चिकित्सा

प्रस्तावना

खाणकाम व धातुविद्या यांच्या इतिहासात जॉर्जियस ॲग्रिकोला याच्या ‘डी रे मेटॅलिका’ या लॅटिन ग्रंथाला पायाभूत ग्रंथाचे स्थान आहे. १५५६ साली बाझेल येथील फ्रोबेन मुद्रणालयाने तो प्रसिद्ध केला. त्याआधीच, १५५५ च्या नोव्हेंबरमध्ये, ग्रंथकर्त्याचे निधन झाले होते. या ग्रंथाचा गौरव प्रामुख्याने त्यातील यंत्रांच्या वर्णनांसाठी आणि लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रांसाठी केला जातो, आणि तो यथार्थच आहे. मात्र ग्रंथाचा आरंभ यंत्रांच्या वर्णनाने होत नाही, तर एका वादाने होतो. बारा भागांपैकी पहिला संपूर्ण भाग खाणकामावरील आक्षेपांचे खंडन करण्यासाठी खर्ची पडला आहे. तंत्रज्ञानाचे अभ्यासक हा भाग प्रास्ताविक समजून ओलांडतात, तर पर्यावरणाच्या इतिहासाचे अभ्यासक बहुधा तेवढाच भाग वाचतात. या दोन वाचनांची सांगड घातल्यास एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. पहिल्या भागातील समर्थनाला सर्वांत प्रभावी उत्तर याच ग्रंथाच्या पुढील भागांत दडलेले आहे. प्रस्तुत लेखात या अंतर्विरोधाची चिकित्सा केली आहे.

ग्रंथकार आणि त्याचा काळ

ॲग्रिकोलाचा जन्म १४९४ साली सॅक्सनीतील ग्लाउखाउ येथे झाला. त्याचे मूळ जर्मन नाव गेओर्ग बाउअर. ‘बाउअर’ म्हणजे शेतकरी, आणि ‘ॲग्रिकोला’ हे त्याच अर्थाचे लॅटिन रूप होय. खाणकामाचा कैवार घेणाऱ्या ग्रंथकाराने शेतकरी हे नाव धारण करावे, हा एक योगायोगच म्हणावा लागेल. १५२७ साली तो बोहेमियातील योआखिम्सटाल या गावी वैद्य म्हणून रुजू झाला. १५१६ च्या सुमारास तेथे रुप्याच्या शिरा सापडल्या होत्या आणि थोड्याच वर्षांत डोंगरातल्या वस्तीचे गजबजलेले नगर झाले होते. तेथे पाडलेल्या रुप्याच्या नाण्याला ‘टालर’ हे नाव मिळाले. ‘डॉलर’ हा शब्द त्यावरूनच आला. १५२५ साली, म्हणजे ॲग्रिकोला येण्याच्या दोनच वर्षे आधी, या गावातील खाणकामगारांनी उठाव केला होता. पुढे तो केम्निट्स येथे स्थायिक झाला आणि १५४६ मध्ये त्या नगराचा महापौर झाला. खाणीत त्याचे स्वतःचे हिस्सेही होते आणि त्यांतून त्याला उत्पन्न मिळत असे. त्यामुळे वैद्य, प्रशासक आणि हिस्सेदार या त्याच्या तिन्ही भूमिका ध्यानात ठेवूनच ग्रंथ वाचणे आवश्यक ठरते.

पहिल्या भागातील युक्तिवाद

ॲग्रिकोलाचा एक मोठा गुण प्रथमच नोंदविला पाहिजे. त्याने प्रतिपक्षाची बाजू दुबळी करून मांडलेली नाही. शेते उद्ध्वस्त होतात. म्हणूनच पूर्वी इटलीत सुपीक जमिनीत, द्राक्षमळ्यांत व ऑलिव्हच्या बागांत खोदकाम करण्यास कायद्याने बंदी होती. लाकडासाठी अरण्ये तोडली जातात आणि त्यांबरोबर पशुपक्षी नष्ट होतात. धातुक धुतलेले पाणी ओढ्यांत व नद्यांत मिसळते, त्यामुळे मासे मरतात किंवा निघून जातात. हे सारे आक्षेप त्याने स्पष्ट शब्दांत दिले आहेत. सोळाव्या शतकातील खाणविरोधी विचार आज आपल्याला माहीत आहे तो बऱ्याच अंशी या विरोधकाच्याच प्रामाणिकपणामुळे.

त्याची उत्तरे मुख्यत्वे तीन प्रकारची आहेत. पहिले असे की खाणी बहुधा नापीक डोंगरांत आणि अंधाऱ्या दऱ्यांत असतात, त्यामुळे शेतीचे नुकसान अल्पच होते. उलट झाडे तोडलेल्या जमिनीत धान्य पेरता येते. दुसरे उत्तर भरपाईचे आहे. धातूंपासून मिळणाऱ्या पैशाने पशुपक्षी व मासे इतर ठिकाणांहून विकत आणता येतात. तिसरे उत्तर सर्वांत व्यापक आहे. धातूंवाचून नांगर नाही, शस्त्रे नाहीत, कोणतीही कला नाही. धातू काढून घेतले तर माणूस अरण्यात फळे व कंदमुळे शोधत फिरेल. सोने व लोखंड यांच्या दुरुपयोगाविषयी तो म्हणतो की दोष धातूंचा नसून माणसांचा आहे.

या युक्तिवादातील उणीव तर्काच्या पायऱ्यांत नाही. ती त्याच्या कर्त्यात आहे. सर्व विधानांत लाभ घेणारा आणि हानी सोसणारा ‘मनुष्य’ एकच आहे असे गृहीत धरलेले आहे. मासे विकत आणता येतात हे खरे. परंतु ओढ्यात मासे धरणारा आणि खाणीचा हिस्सेदार या दोन भिन्न व्यक्ती आहेत. ग्रंथाच्या चौथ्या भागात खाणीची मालकी सामान्यतः १२८ हिश्श्यांत विभागली जाते असे तपशीलवार सांगितले आहे. नफ्याचा वाटेकरी कोण, याचा असा काटेकोर हिशेब देणारा ग्रंथकार नुकसानीचा वाटेकरी कोण, हा प्रश्न मात्र उपस्थित करीत नाही. ‘नापीक डोंगर’ ही संज्ञाही तपासून पाहावी लागते. ज्या डोंगरातून इंधन मिळते, जेथे पाखरे व जनावरे राहतात आणि जेथून ओढे वाहतात, तो डोंगर नांगराच्या दृष्टीने नापीक असेल. त्याच्या आधाराने जगणाऱ्यांच्या दृष्टीने नव्हे.

तांत्रिक भागांची साक्ष

दुसऱ्या भागापासून ग्रंथाचा सूर पालटतो. येथे वकिलाची जागा निरीक्षक घेतो. धातुकशिरा शोधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जादूच्या फाटेदार काठीची चर्चा करून तो ती त्याज्य ठरवितो आणि जमिनीवरील नैसर्गिक खुणांवर विसंबण्यास सांगतो. पाचव्या भागात खोदकाम व मापन, सहाव्यात उपसा यंत्रे व वायुवीजन, सातव्यात धातुकाचा कस लावणे, आठव्यात धातुक कुटणे व धुणे, नवव्यात वितळवणे असा क्रम आहे. चौथ्या भागात कामाच्या पाळ्यांचे वर्णन येते. दिवसाचे २४ तास सात-सात तासांच्या तीन पाळ्यांत विभागलेले असत आणि उरलेले तीन तास कामगारांच्या ये-जा करण्यासाठी असत. काही ठिकाणी लागोपाठ दोन पाळ्या करण्यास मनाई होती, कारण दमलेला कामगार खाणीत झोपी जाई.

याच निरीक्षकाच्या दृष्टीने सहाव्या भागाच्या शेवटी खाणकामगारांच्या रोगांची नोंद केली आहे. कोरड्या खाणीतील धूळ श्वासनलिकेत व फुफ्फुसांत शिरते आणि क्षय जडतो. कार्पेथियन पर्वतातील खाणींच्या परिसरात एकामागून एक सात पती या रोगाने गमावलेल्या स्त्रिया आढळतात, असे तो लिहितो. एका प्रकारच्या दाहक खनिजामुळे ओले झालेले हातपाय सडतात. म्हणून कातड्याचे उंच बूट, कोपरापर्यंतचे हातमोजे आणि तोंडावर सैल बुरखा वापरावा असे तो सुचवितो. ही यादी वैद्याची आहे.

येथे ‘मनुष्य’ ही अमूर्त संज्ञा नाहीशी होते आणि खोदणारा, त्याची विधवा, धुळीत काम करणारा मजूर अशी विशिष्ट माणसे समोर येतात. पहिल्या भागात जी हानी पैशाने भरून निघते असे सांगितले होते, तिला येथे भरपाईच नाही. आठव्या भागातील धातुक धुण्याची वर्णने वाचताना वाहते पाणी ही या उद्योगाची अनिवार्य गरज असल्याचे दिसते, आणि सहाव्या भागातील जवळजवळ प्रत्येक यंत्र लाकडाचे आहे. म्हणजे पाणी आणि अरण्य यांविषयीचे आक्षेप प्रासंगिक नव्हते. ते या तंत्राच्या स्वरूपातूनच उद्भवत होते. ॲग्रिकोलाने हे कोठेही कबूल केलेले नाही, परंतु त्याच्या चित्रांनी ते दाखविले आहे.

या निरीक्षणांचे मोल पुढील इतिहासाने सिद्ध केले. सॅक्सनीतील श्नीबर्ग येथील खाणकामगारांना होणारा फुफ्फुसाचा रोग हे घातक अर्बुद असल्याचे हार्टिंग आणि हेसे यांनी १८७९ साली दाखवून दिले. कार्पेथियन खाणींतील क्षय आणि हा रोग एकच होते असे म्हणता येणार नाही. तथापि खाणीतील हवा माणसाला मारते, ही नोंद छापून तेव्हा ३२३ वर्षे झाली होती.

भाषा आणि वाचक

ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिल्यामुळे एक अडचण उद्भवली. खाणकामाचे जिवंत शब्द कामगारांच्या जर्मन बोलीत होते आणि लॅटिनमध्ये त्यांना प्रतिशब्द नव्हते. ॲग्रिकोलाने ते नव्याने घडविले. परिणामी ज्यांच्याकडून ज्ञान मिळविले त्यांना ग्रंथ दुर्बोध झाला आणि राजे, अधिकारी व विद्वान यांना तो उपलब्ध झाला. मराठीत संस्कृतच्या आधारे शास्त्रीय परिभाषा घडविताना कारागिरांचे शब्द मागे पडल्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना ही प्रक्रिया अपरिचित वाटणार नाही. १५५७ मध्ये फिलिप बेख याने जर्मन भाषांतर प्रसिद्ध केले. १९१२ साली हर्बर्ट हूव्हर आणि लू हेन्री हूव्हर या दांपत्याचे इंग्रजी भाषांतर लंडनहून निघाले. हर्बर्ट हूव्हर हे खाण अभियंते होते आणि पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. लू हेन्री भूविज्ञानाच्या पदवीधर व लॅटिनच्या जाणकार होत्या. घडीव लॅटिन शब्दांमागील प्रत्यक्ष क्रिया शोधून काढणे ही त्यांची मोठी कामगिरी होय. त्यांच्या विस्तृत टीपांचा भर धातुविद्या, खाणकायदा आणि तंत्राचा इतिहास यांवर आहे. त्यामुळे इंग्रजी वाचकाच्या मनात ग्रंथाची तांत्रिक प्रतिमा अधिक दृढ झाली असावी.

लुईस ममफर्ड यांनी १९३४ मध्ये आणि कॅरोलिन मर्चंट यांनी १९८० मध्ये ॲग्रिकोलाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. निसर्गाकडे पाहण्याच्या वृत्तीत झालेल्या बदलाचा पुरावा म्हणून त्यांनी त्याचा विचार केला. हे वाचन आवश्यक होते. परंतु ॲग्रिकोलाला केवळ निसर्गाच्या शोषणाचा समर्थक ठरविल्यास सहाव्या भागातील वैद्याकडे दुर्लक्ष होते.

समारोप

नापीक जमीन, पैशाने भरपाई आणि धातूंवाचून संस्कृती नाही, ही तीन उत्तरे ॲग्रिकोलाने सुव्यवस्थित रूपात मांडली. यांपैकी तिसरे उत्तर आजही नाकारता येत नाही, आणि म्हणूनच पहिली दोन उत्तरे त्याच्या आडोशाने सहज खपून जातात. धातू हवेत हे मान्य केल्यानंतरही ते कोणाच्या जमिनीतून, कोणाच्या पाण्यातून आणि कोणाच्या फुफ्फुसांच्या मोलाने काढले जातात, हा प्रश्न उरतोच. ॲग्रिकोलाने वकील म्हणून तो टाळला, आणि वैद्य म्हणून त्याच्या उत्तराची सामग्री नोंदवून ठेवली. अभ्यासक्रमात तंत्रज्ञानाचा इतिहास आणि पर्यावरणाचा इतिहास वेगवेगळ्या विभागांत शिकविले जातात, तेव्हा या ग्रंथाचेही दोन तुकडे होतात. बाराही भाग एकत्र वाचले तरच त्याची महत्ता आणि त्याची मर्यादा या दोहोंचे यथायोग्य मूल्यमापन होऊ शकेल.