सोपा वाटणारा आवाज : अरुण दाते पुन्हा ऐकताना



संशोधनाची तयारी करताना एक सवय लावून घ्या. ‘मला आवडतं’ किंवा ‘मला आवडत नाही’ असं तोंडातून निघालं की लगेच स्वतःला विचारायचं, ‘म्हणजे नक्की काय?’ आज ही सवय आपण प्रयोगशाळेत नाही, गाण्यावर वापरून बघू. विषय आहे अरुण दाते यांचा आवाज.

आधी कबुली देतो. बी.एस्सी.ला असताना दिवाळीत मेडशीला घरी आलो होतो. बाबांनी कॅसेट लावली होती आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, “हा माणूस गात नाही, नुसता बोलतो.” बाबा काहीच बोलले नाहीत. उठले आणि आवाज बारीक केला. माझ्या मतामागे तेव्हा काहीच नव्हतं. नवीन नवीन शास्त्रीय संगीत ऐकायला लागलो होतो, तान म्हणजेच गाणं असं वाटायचं. आज हा लेख लिहितोय तो ते मत तपासण्यासाठी.

‘कमी लेखलं’ म्हणजे काय?

माझं विधान असं : अरुण दात्यांच्या आवाजाला लोकप्रियता भरपूर मिळाली, पण दाद कमी मिळाली. तुम्ही लगेच म्हणाल, ज्यांच्या ‘शुक्रतारा’ कार्यक्रमाचे दोन हजारांहून जास्त प्रयोग झाले, त्यांना कमी कोणी लेखलं? शंका रास्त आहे. म्हणून व्याख्या आधी पक्की करू.

त्यांच्या गाण्यांबद्दल लोक काय बोलतात ते ऐका. ‘काय शब्द आहेत पाडगावकरांचे!’ ‘खळेकाकांची चाल म्हणजे!’ ‘यशवंत देवांनी काय बांधलंय!’ आणि गायकाबद्दल? ‘गोड आवाज’, ‘भावपूर्ण आवाज’. तिथे वाक्य संपतं. कवी आणि संगीतकारांनी काय केलं हे सांगितलं जातं, गायकाला फक्त विशेषण मिळतं. ज्या आवाजाचं काम विशेषणात गुंडाळून ठेवलं जातं, तो कमी लेखला गेलेला आवाज. आपल्यापुरती ही व्याख्या धरू.

मायक्रोफोनने काय बदललं

जुन्या संगीत नाटकातल्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असे, तेही मायक्रोफोनशिवाय. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलने घसरते. म्हणून आवाज फेकावा लागतो. पाश्चात्त्य ऑपेराचे गायक आपल्या आवाजातली बरीच ऊर्जा ३००० हर्ट्झच्या आसपास एकवटतात आणि त्यामुळे ते अख्ख्या वाद्यवृंदावरून ऐकू येतात. योहान सुंडबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने हे दाखवून दिलं.

१९२५च्या सुमारास विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं आणि हे गणित उलटलं. आता कानाशी बोलल्यासारखं गाता येऊ लागलं. अमेरिकेत बिंग क्रॉस्बीसारखे गायक याच तंत्रावर मोठे झाले. त्यांच्या मागोमाग पेरी कोमो आला. आधी न्हाव्याचं काम करणारा हा माणूस इतका निवांत गायचा, की त्यात कष्ट आहेत असं कुणाला वाटेचना. मोठ्या गायकांची नावं घेताना लोक आधी सिनात्रा म्हणतात, कोमो नंतर कधीतरी आठवतो. आपल्याकडे जी. एन. जोशी, गजानन वाटवे यांनी भावगीत घराघरांत नेलं, ते ग्रामोफोन आणि रेडिओच्याच काळात. दाते त्यानंतरच्या पिढीचे. जन्म इंदूरचा, ४ मे १९३४. पेशाने टेक्स्टाइल इंजिनिअर. म्हणजे कोमोसारखेच दुसऱ्या धंद्यातून गाण्यात आलेले.

यात एक गोष्ट सुटते. मायक्रोफोनमुळे जोर लावायची गरज संपली, पण लपायची जागाही संपली. श्वास कुठे घेतला, स्वर किंचित कुठे हलला, सगळं ऐकू येतं. झाकायला मोठी तानही नाही. आवाज न फेकणं म्हणजे मेहनत न करणं, ही गल्लत मी केली होती.

तीन गाणी, तीन निरीक्षणं

पहिलं ‘शुक्रतारा’. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीचं गाणं. शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळे यांची, सोबत सुधा मल्होत्रा. सुरुवात दात्यांची आहे. पहिल्या ओळीत जोर कुठे आहे ते शोधा. मला तो सापडत नाही. प्रत्येक ओळीचा शेवट ते दाबून धरत नाहीत, अलगद सोडून देतात. त्यामुळे सुधाताईंचा आवाज आला की त्याला जागा मिळते. युगलगीतात आपली ओळ गाणं हे अर्धंच काम, दुसऱ्यासाठी जागा सोडणं हे उरलेलं अर्धं. ते किती गायकांना जमतं?

दुसरं ‘भातुकली’, चाल यशवंत देवांची. लहान मुलांच्या खेळापासून ही कविता विरहापर्यंत जाते. इथे हुंदका घालायचा मोह कुणालाही होईल. दाते तो घालत नाहीत. सगळं होऊन बरीच वर्षं गेलेला माणूस जसा सांगेल, तसं सांगतात. आवाजाला बारीकसा कंप आहे, गझल गाणाऱ्यांच्या गळ्यात असतो तसा. पण तो ठरावीक जागीच येतो, पानभर पसरत नाही.

तिसरं ‘या जन्मावर’. हेही पाडगावकर-देव यांचंच. जगण्यावर प्रेम करा, असं सांगणारं गाणं. यात धोका उपदेशाचा. सभेत भाषण दिल्यासारखं गायलं की गाणं मेलं. दाते ते एकाच माणसाला सांगतात, तेही समोर बसलेल्या. आवाज वरच्या स्वरांकडे जातो, तेव्हाही बोलण्याची पट्टी सुटत नाही.

तिन्हींत समान काय? शब्द. इंदुरात, हिंदी-उर्दूच्या वातावरणात वाढलेले आणि उर्दू गझल गाणारे दाते मराठी गायला सुरुवातीला कचरत होते. आपले उच्चार मराठी कानांना चालतील का, ही धास्ती. मला वाटतं, ही धास्तीच पुढे कामाला आली. जन्मापासून जी भाषा तोंडात आहे, तिचे शब्द आपण बिनदिक्कत खातो. ज्याला शंका असते तो प्रत्येक व्यंजन जपून टाकतो. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. हा फरक तुम्हीही आपल्या प्रबंधात पाळा.

विरुद्ध बाजू

फक्त बाजूचाच पुरावा मांडला तर ती जाहिरात होते. दात्यांच्या आवाजाचा पल्ला मोठा नाही. वरच्या पट्टीत तो पातळ होतो. चपळ, खट्याळ गाण्यात तो अवघडल्यासारखा वाटतो. लागोपाठ दहा गाणी ऐकली तर एकाच रंगाचं वाटू लागतं, हेही खरं. त्यामुळे ‘ते सर्वश्रेष्ठ होते’ असं मी म्हणणार नाही. छोट्या वर्तुळात त्यांनी जे केलं ते फार अवघड होतं, एवढंच म्हणेन.

आता मेडशीतलं निरीक्षण

गेली दोन वर्षं बाबांना ऐकायला कमी येतं. वयानुसार आधी वरच्या वारंवारतेचे आवाज जातात. स्वरांची ऊर्जा खालच्या पट्ट्यात असते, ती पोचते. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजनं वरच्या पट्ट्यात आणि मुळातच क्षीण, ती हरवतात. मग ‘ऐकू येतं, पण समजत नाही’ अशी अवस्था होते. टीव्हीवरच्या बातम्या बाबांनी सोडून दिल्या. नवीन गाणं लावलं तर म्हणतात, “नुसता गलका होऊन रायला.”

यंदा सोयाबीन निघाल्यावर घरी गेलो होतो. संध्याकाळी मोबाइलवर दाते लावले. बाबा खुर्ची ओढून जवळ बसले आणि म्हणाले, “याचं समजते मले.”

मला आनंद झाला, पण लगेच तुमच्या-माझ्यातला संशोधक जागा झाला. कारण दात्यांचे उच्चार, की संथ लय? की वाद्यांची गर्दी कमी, म्हणून? लय आणि वाद्यमेळ तर संगीतकाराचे. म्हणजे श्रेय परत खळे आणि देवांकडे! आणि सगळ्यात मोठी अडचण, बाबांना ही गाणी पाठ आहेत. पाठ असलेलं गाणं अर्धं ऐकू आलं तरी डोकं उरलेलं भरून काढतं. याला म्हणतात गोंधळ घालणारे घटक. ते वेगळे केल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नसतो.

म्हणून एक छोटा प्रयोग ठरवला. दात्यांचं असं गाणं लावायचं, जे बाबांनी ऐकलेलंच नाही, आणि त्यांना शब्द सांगायला लावायचे. एक लावलं. “हे तर पाठ आहे.” दुसरं लावलं. तेही पाठ. पाचव्या गाण्यानंतर मी प्रयोग बंद केला. अनोळखी गाणं सापडलंच नाही.

तर प्रयोग फसला आणि माझं विधान सिद्ध झालं नाही. पण दुसरी एक गोष्ट कळली. मी ज्याला नुसतं बोलणं म्हणालो होतो, ते बाबांनी इतकी वर्षं शब्द न् शब्द ऐकलं होतं. बोलल्यासारखं गाणं म्हणजे काय, याचं यापेक्षा चांगलं वर्णन मला तरी करता येत नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ

६ मे २०१८ रोजी दाते गेले. त्यांचं एक गाणं निवडा आणि हेडफोन लावून तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त श्वासाच्या जागा लिहा. दुसऱ्यांदा ओळींचे शेवट, कुठली ओळ धरली, कुठली सोडली. तिसऱ्यांदा व्यंजनं. मग पाच वाक्यं लिहा. अट एकच, ‘गोड’ आणि ‘भावपूर्ण’ हे दोन शब्द वापरायचे नाहीत. साहित्य समीक्षेच्या प्रकरणातही हीच अट लावून बघा. ‘महत्त्वपूर्ण’ शब्द काढल्यावर काय उरतं, ते कळेल.

आणि घरात कुणाचं ऐकणं कमी झालं असेल तर त्यांच्यासोबत बसून ऐका. त्या दिवाळीत बाबांनी आवाज बारीक केला होता. यंदा तो मी वाढवून दिला.